व्हर्लिनची सोळा तासांची झोप

व्हर्लिन स्टुट्झमनला झोप या प्रकाराचाच राग होता. नेब्रास्कात एकतीस वर्षं ट्रक हाकलेल्या माणसाला चार तास पुरतात, बाकीचे लोक नुसते लाड करतात, असं तो ठासून सांगे. मार्चमध्ये लाल सिग्नलला झोपून त्याने तीन हिरवे दिवे वाया घालवले, तेव्हाही त्याने हेच सांगितलं. पोलिसाला.

तेव्हापासून त्याचा ट्रकचा परवाना एका अटीवर टांगलेला होता. महिनाभर, झोपेत श्वास अडकू नये म्हणून, श्वासाच्या यंत्राचा मास्क लावून झोपायचं. यंत्र तास मोजून दवाखान्याला परस्पर कळवणार.

व्हर्लिनने मास्क घरच्या बुलडॉगला लावला.

आज निकाल होता. झोपेच्या दवाखान्यातली आर्डिथ चष्म्यावरून बघत म्हणाली, "रोज सोळा तास? मोठ्या माणसाला सात पुरतात. तुम्ही अस्वल आहात का?"

"झोपा म्हणालात, झोपलो."

"मंगळवारी दुपारी दोनलाही?"

"गाढ."

आर्डिथने दुसरा कागद पुढे सरकवला. "ट्रकमधलं वेळ-वेग नोंदणारं यंत्र म्हणतं, त्या वेळी तुम्ही महामार्गावर ताशी पासष्ट मैलांच्या वेगाने चालला होतात."

त्या यंत्राला व्हर्लिन गेली आठ वर्षं रोज शिव्या घालत होता. नेमका याच महिन्यात ते आहे हे विसरला.

"म्हणजे एक तर झोपेत ट्रक हाकलात, नाहीतर झोपणारा दुसराच होता. काय लिहू?"

व्हर्लिनने विचार केला. पहिल्यात धोका होता, दुसऱ्यात बेअब्रू.

"पहिलं लिहा. अपघात तर नाही ना झाला?"

"कुत्रा होता तो," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली.

"मार्लिस, गप्प बस!"

"का बसू? तो घोरायचा थांबलाय. सकाळी हसतमुख उठतो. घरात माणसासारखं वागणारा तोच एक उरलाय."

आर्डिथने परवान्याच्या अर्जावर लाल शिक्का हाणला. "आजपासून पुन्हा तीस रात्री. रोज सात तास. स्वतः. तोवर ट्रकला हात लावायचा नाही."

"चारमध्ये काय बिघडतं?"

"आत्ता बोलताना दोनदा डोळे मिटलेत. दुसऱ्यांदा माझं अख्खं वाक्य होऊन गेलं."

"कंटाळा आला होता."

"छत्तीस टनांचा भरलेला ट्रक चालवताना कंटाळा आला तर?"

व्हर्लिनने शिक्का बोटाने पुसला जातो का ते पाहिलं.

"पण सात तास," त्याने खरोखरच विचारलं, "नुसतं पडून मी करायचं काय?"

मार्लिसने टेबलावरची ट्रकची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"चल घरी. दुपारचा एक वाजलाय. आत्ताच सुरू कर."