यंदाचे खुंट

"इस्त्रीची विजार घालून निघालो होतो," शेजारी बसलेले टपालवाले पुटपुटले. "आता पोचणार चिखलाचा लाडू होऊन."

वाटाड्याच्या बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लाँच तिच्या लेकीची, आणि ती आज पुन्हा गाळात रुतली होती.

"ओहोटी लवकर लागली," लेक सुकाणूजवळून म्हणाली.

"हो, आणि इंजिनही कुरकुरतंय," आईने री ओढली. इंजिन बिचारं ठणठणीत होतं.

ही खाडी म्हणायला समुद्र. भरती ओसरली की निम्मी कमरेइतकी, निम्मी नुसता चिखल. एके काळी गलबतं लागायची तो धक्का आता गवतात उभा आहे, त्यावर शेळ्या बसतात. खोल पाण्याची वाट एकच, तीही दर वर्षी वादळांनंतर जागा बदलते. मग वाटाड्या होडीतून काठी टोचत फिरायचा. काठी तळाला टेकली की त्याच्या हाताला कळायचं, हा गाळ, ही वाळू, हे शिंपले. मग वाटेच्या कडेने तो खुंट ठोकायचा आणि वर्षभर सगळं गाव त्या खुंटांच्या भरवशावर जा-ये करायचं.

यंदाचे खुंट अगदी गेल्या वर्षीच्याच जागी होते. दिसत सगळ्यांनाच होतं. पण त्याला तोंडावर सांगणार कोण? टपालवालेसुद्धा विजारीच्या तक्रारीवरच थांबले होते.

संध्याकाळी वाटाड्याने चहाचं उकळतं पातेलं शेगडीवरून उचललं. उजव्या हाताने, फडक्याशिवाय. आणि सावकाश गाळत बसला.

"बाबा, चटका बसेल."

"कुठे काय."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. लेकीने घोटभर चहा घेतला. "उद्या सकाळी ऐन ओहोटीला निघायचंय. सुताराच्या सुनेला पलीकडे दवाखान्यात न्यायचंय. दिवस भरलेत तिचे."

"मग ने की. खुंट आहेत."

लेक कपातच बघत बसली.

"इंजिन तेवढं एकदा दाखवून घे गं," आई शेवटी म्हणाली.

वाटाड्याने पातेलं खाली ठेवलं. बोटं लालबुंद झाली होती. दुसऱ्या कुणाची असावीत तशी तो ती उलटसुलट करून बघत राहिला.

"इंजिनाला कशाला नावं ठेवतेस?" तो बायकोला म्हणाला. मग लेकीकडे वळला. "त्या पोरीला खुंटांवरून नेऊ नकोस. माझ्या हाताला तळ कळत नाही आताशा. आठवणीनेच ठोकलेत मी ते."