दात न आलेलं मूल

बरगडीचा तो तुकडा अडीच सेंटिमीटर लांब होता. विरल आम्लात दोन दिवस ठेवल्यावर त्याचा कडकपणा गेला, आकार मात्र राहिला. सुवर्णाने तो चिमट्याने उचलून हलकेच वाकवला. तो वाकला आणि सोडल्यावर पुन्हा सरळ झाला. शेजारच्या बाटलीत तिने तुलनेसाठी जुन्या उत्खननातलं बैलाचं हाड ठेवलं होतं. त्याचा तळाशी नुसता गाळ झाला होता.

हाडातला चिवट भाग नदीकाठच्या मातीत तीन हजार वर्षं असा टिकत नाही. 'फार तर चाळीस-पन्नास वर्षं,' असं तिने वहीत लिहिलं आणि वही मिटली.

नाशिकमधल्या एका लहानशा खासगी संग्रहालयात ती रसायनतज्ज्ञ होती, तीही हंगामी. दर अकरा महिन्यांनी नेमणुकीचं पत्र नव्याने निघे आणि त्यावर संचालक खंडेराव सर सही करत. सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात गोदावरीकाठी पाण्याची चारी खोदताना तोंडाला तोंड लावून पुरलेली दोन मडकी निघाली. आत तान्ह्या मुलाचा सांगाडा होता; बरगडीचा तुकडा त्यातलाच. या भागातले प्राचीन लोक आपली मेलेली मुलं अशीच पुरत, हे खरंच होतं. त्यामुळे सरांनी तपासणीची वाट न बघताच काचेच्या पेटीवरची 'तीन हजार वर्षांपूर्वीचं बाळ' अशी पाटी लिहायला टाकली. सुवर्णाकडून त्यांना फक्त एक ओळ हवी होती, परीक्षण अनुमानाशी जुळतं अशी. तिने ती लिहून दिली आणि खाली सही केली.

पाटी लागल्याच्या तिसऱ्या आठवड्यात नवसाबाई आली. मखमलाबादच्या बाजूला तिचा नि तिच्या नवऱ्याचा, गोटीरामचा, झेंडूचा मळा. चारीत गेला तो त्यांच्याच मळ्याचा नदीकडचा बांध. तिने सरांना सरळ सांगितलं, की पोर माझं आहे. दुष्काळाच्या साली झालं, सव्वा महिन्याचं होऊन गेलं. त्यांच्या घरात दात न आलेलं मूल जाळत नसत. मडक्यात निजवून वर दुसरं मडकं पालथं घालत आणि बांधाला पुरत. सासूने तसंच केलं होतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, असेल, आपण पोलिसांना बोलावू. ते पहिल्यांदा विचारतील, मूल मेलं कसं, डॉक्टरचा दाखला कुठे आहे आणि गुपचूप पुरलं का. नवसाबाईचा चेहरा उतरला. घरी गोटीरामने तिला बजावलं, पुन्हा तिकडे फिरकायचं नाही.

पण ती येत राहिली, त्याला न सांगता. दर बुधवारी बाजारात फुलं विकून झाली की ती तिकीट काढी, फुलांची रिकामी पाटी दाराशी ठेवी आणि काचेसमोर जाऊन उभी राही. सरांना त्याचीही गंमत वाटू लागली. शाळेची सहल आली की ते मुलांना पेटीपाशी नेत. "हे बाळ तीन हजार वर्षांचं. आणि ही त्याची आई. आता सांगा, आजीचं वय किती?" मुलं खो खो हसत. नवसाबाई पदर सावरून बाजूला सरके, मुलांना नीट दिसावं म्हणून.

एका बुधवारी तिने सुवर्णाला हाक मारली. "बाई, या अंगाला एक बरगडी कमी हाय. पयल्यांदापासनंच नाय. मातीत ऱ्हायली का?"

सुवर्णाने तिच्याकडे न बघता सांगितलं, की राहिली असेल.

"मग बरं. आपल्याच मातीत हाय म्हंजे," नवसाबाई म्हणाली.

त्या दिवशी सुवर्णाने ठरवलं, पुढच्या बुधवारी सांगून टाकायचं. पुढच्या बुधवारी सरांकडे पाहुणे होते. त्याच्या पुढच्या बुधवारी तिचं नेमणुकीचं पत्र टेबलावर सहीसाठी पडलेलं होतं. आठ महिने असेच गेले. अपराध्यासारखं वाटण्याचीही सवय होते, हे तिला या काळात कळलं. दुपारी डबा व्यवस्थित खाल्ला जात होता.

मग जपानच्या प्रदर्शनाचं पत्र आलं. पेटी तीन वर्षांसाठी जाणार होती आणि ती न्यायला दिल्लीहून दोन अधिकारी येणार होते. ते आले तो नेमका बुधवार होता. लाकडी खोकं उघडून ठेवलं होतं, भुसा पसरला होता. नवसाबाई नेहमीप्रमाणे आत आली आणि खोकं बघून जागीच थांबली.

"या आजी, या," सर पाहुण्यांकडे बघत म्हणाले. "लेकाला विमानाने परदेशी पाठवतोय. ओवाळायला नाही आलात?"

पाहुण्यांना सरांनी हिंदीत सगळा किस्सा सांगितला. ते हसले. त्यातल्या एकाने हसता हसता तिचा फोटोही काढला.

नवसाबाईने विचारलं, परत कधी येणार. सर म्हणाले, तीन वर्षांनी, किंवा तिथल्या लोकांना आवडलं तर तिकडेच राहील.

मग कमरेच्या पिशवीतून तिने एक जुनेर काढलं, धुऊन मऊ झालेलं, चौघडी घातलेलं. ते दोन्ही हातांवर धरून तिने सरांपुढे केलं.

"तिथं थंडी आसती का वो? एवढं भुश्याच्या खाली घाला. उघडंच हाय ते."

सरांनी ते दोन बोटांत धरून वर उचललं, पाहुण्यांना दाखवलं आणि खोक्याच्या कडेवर टाकलं. "पॅकिंगची सोय झाली," ते म्हणाले. मग त्यांनी सुवर्णापुढे कागद सरकवला. सांगाड्याचा काळ प्रयोगशाळेत तपासला असल्याचं प्रमाणपत्र होतं, खाली तिचं नाव टाइप केलेलं. "करा सही मॅडम, गाडी उभी आहे. तुमच्या कायम नेमणुकीचंही आज बोलून टाकू."

सुवर्णाने पेन हातात घेतलं. टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मग ती पाहुण्यांना कळावं म्हणून आधी हिंदीत बोलली आणि नवसाबाईला कळावं म्हणून तेच पुन्हा मराठीत.

"माझा अहवाल खोटा आहे. हे मूल या बाईंचं आहे."