शाळेखालची विहीर

गावाचा इतिहास-भूगोल पुस्तकात नव्हता. बाईंनीच तो शिकवायचा ठरवलं होतं. ओढा कुठे वळतो, जुनी वस्ती पुरानंतर टेकाडावर कशी आली, हे सगळं फळ्यावर काढून झालं. मग त्यांनी विचारलं, वर आल्यावर लोक पाणी कुठून आणायचे? पुढे बसलेल्या एका मुलीने सांगितलं, आजी म्हणते विहीर इथेच होती, शाळेच्या जागी.

बाईंनी खडू खाली ठेवला. वर्गाच्या मधल्या फरश्या हल्ली खचायला लागल्या होत्या. त्यांनी सासऱ्यांना विचारलंही होतं. शाळा बांधली तेव्हा तेच गावाचे प्रमुख होते. विहीर पार दुसऱ्या टोकाला होती, नसतं खूळ डोक्यात घेऊ नकोस, म्हणून त्यांनी बाईंना गप्प केलं होतं.

बाईंनी मुलांना भिंतीकडेने बाहेर काढलं. पळायचं नाही, एवढंच बजावलं. शेवटी ती मुलगीच उरली. ती उठली आणि मधल्या फरश्या कडाकड मोडून खाली गेल्या. मुलगी फळ्याला पाठ लावून उभी राहिली. दार खड्ड्याच्या पलीकडे राहिलं.

आवाजाने सासरे धावत आले. त्यांच्यामागे निम्मं गाव. बाई दारातून मुलीला खिडकीच्या बाजूने यायला सांगत होत्या. सासऱ्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मागच्या माणसांकडे पाहिलं.

"खिडकीकडून नको," ते म्हणाले. "विहीर तिथपर्यंत आहे. कपाटाच्या बाजूला खडक आहे. तिकडून ये, बाळ. हळूहळू."

मुलगी कपाटाला घासत सरकू लागली. ती दाराशी पोचली, बाईंनी तिला ओढून घेतलं, आणि तेवढ्यात खिडकीखालची जमीन धसली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" मागून सुताराने विचारलं.

"होतं."

विहीर दगडांनी बुजवायला वेळ लागला असता आणि त्यांना शाळा लवकर उभी करून दाखवायची होती. म्हणून काटक्या, माती, जे मिळेल ते टाकून वर फरशी घातली, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. मुलं घेऊन एकेक जण निघून गेला.

मुलीला तिच्या आईच्या हाती देऊन बाई परत आल्या. सासरे तिथेच उभे होते.

"घरी चला, मामंजी," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी नीट बोलायला मला वेळ लागेल. पण इथे एकटे थांबू नका."

ते दोन पावलं मागे राहून चालू लागले.