मला ऐकू येणारी शिट्टी

भात पोटरीला येतं त्या दिवसांत, चारच्या चहाच्या वेळी, आमच्या भोरच्या घरात एक ओलसर पिवळा उजेड उतरतो, आणि तो उतरला की मला ह्यांची बोटं आठवतात. तारा जोडताना उठणाऱ्या कथिलाच्या धुराने काळवंडलेली, पण रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या तांबूस प्रकाशापाशी नेली की आतून पेटल्यासारखी दिसणारी. टेलिफोनच्या नोकरीतून सुटल्यावर माणसं देवदर्शनं करतात, बागकाम करतात. माझ्या नवऱ्याने माझं जेवणाचं टेबल बळकावलं आणि जुन्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह जमवून त्यावर स्वतःचा ॲम्प्लिफायर बांधायला घेतला. वर्षभर आम्ही खाली पाट मांडून जेवलो.

मूळचे ते गुंजवण्याचे. वेल्ह्याच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला शांतता ऐकण्याची सवय असते, असं ते म्हणत. माझा अनुभव असा की शांतता ऐकणाऱ्याला बायकोचं ऐकण्याची सवय असतेच असं नाही. एरवी मनुष्य मृदू, बोलणं बेताचं, हालचाल संथ. सारंगीची तबकडी लावली की मान किंचित डावीकडे कलायची, पापण्या मिटायच्या, आणि उजवी तर्जनी हवेत एखादा धागा धरल्यासारखी थरथरायची. त्या क्षणी त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही. म्हणून मी नंतर रागवायची.

त्या यंत्रात एक तार होती, जिच्यावर त्यांचा फार जीव. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश ती उलटा फिरवून पुन्हा आत नेते, आणि त्या विरोधाने आवाजाला लगाम बसून तो निर्मळ होतो, हे त्यांनी मला पोळ्या लाटताना किती कौतुकाने समजावलं होतं! ह्यालाच फीडबॅक म्हणतात, म्हणाले. उलट बोलणारं कुणी नसलं की आवाज उधळतो. मी लाटणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

मग यंत्र सुरू झालं, आणि सारंगीच्या मागे एक शिट्टी वाजू लागली. बारीक, अखंड, कानात सुई रुतावी तशी. मांजर उठून परसात गेलं. मी म्हटलं, "अहो, शिट्टी वाजतेय." ह्यांनी मान कलवून ऐकलं आणि गावाकडच्या बोलीत, जी त्यांना बहुधा वैतागल्यावरच आठवे, मला झटकलं, "हितं कुठं शिट्टी? तुझं आपलं कायतरीच!"

कायतरीच! गॅसचा वास येतोय म्हटलं तेव्हाही कायतरीच, भिंतीत ओल उतरतेय म्हटलं तेव्हाही कायतरीच. दोन्ही खरं निघालं, पण तू म्हणाली होतीस, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. एका निर्जीव तारेच्या विरोधाचं एवढं मोल, आणि जितीजागती बायको उलट बोलली की तिचे कान खोटे! रोज चारला दोन कप घेऊन त्यांच्याशेजारी बसावं, एवढीच माझी हौस होती. शिट्टी सोसवेना म्हणून मी माझा कप स्वयंपाकघरात नेऊ लागले. त्यांना वाटलं, मला सारंगीच आवडत नाही.

एके दिवशी भोंगवलीचे पोपटराव आले. शेतीपंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे हे गृहस्थ; ह्यांच्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मरही त्यांनीच हौसेने गुंडाळून दिला होता. उंबऱ्यातच त्यांनी कानांवर हात ठेवले. "आवो सायेब, शिट्टी किती वाजतीया! वैनी, तुमी घरात ऱ्हाता तरी कशा?" आणि जन्मात माझ्या सांगण्यावरून पंखासुद्धा बंद न केलेल्या माझ्या नवऱ्याने तत्क्षणी यंत्र बंद केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर घसा फोडून मी जे सांगत होते, ते परक्या पुरुषाने एकदा म्हणताच वेदवाक्य झालं! चहा टाकताना मी भांडी मुद्दाम आपटली.

पोपटराव गेल्यावर मात्र भांडण ओठांवरच राहिलं. हे यंत्राकडे नव्हे, खिडकीबाहेर पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "म्हंजी मलाच आयकू येत न्हाई." यंत्राच्या बिघाडाला इलाज होता, ह्या बिघाडाला नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या तारेवरचा, शिट्टी आवरणारा चिमुकला कंडेन्सर बदलत आणि माझ्या तोंडाकडे पाहत. शिट्टी असली की मी मान हलवायची, थांबली की हात वर करायचा. हात वर झाला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. माफी मात्र मागितली नाही, आणि तो राग मी अजून सोडलेला नाही. पण त्यानंतर ते होते तोवर, चारचा चहा आम्ही एकत्र घेतला.

आता ते नाहीत. यंत्र मी रोज लावते. व्हॉल्व्ह तापेपर्यंत तो पिवळा उजेड टेबलावर येऊन बसतो. काल सूनबाई दारातूनच म्हणाली, "आई, ही शिट्टी कसली हो? बारीक, सारखी वाजतेय." मी मान कलवून ऐकलं. नुसती सारंगी होती, निर्मळ आणि एकटी. "तुझं आपलं कायतरीच!" मी म्हणाले, आणि ह्यांचा शब्द, ह्यांच्या वेल्ह्याच्या हेलासकट, माझ्याच तोंडून ऐकून थिजले. मग शेजारची खुर्ची मी सुनेसाठी ओढली. काळ माणूस घेऊन जातो ते साऱ्या गावाला कळतं. आपल्या ऐकण्यातला एकेक धागा तो कधी उसवून नेतो, ते मात्र जवळ बसून उलट बोलणारं कुणी असलं तरच कळतं.