माझा चौथा पाय

मी एक जुनी लाकडी तिवई आहे. मित्रांनो, माझे पाय मोजण्याआधी सांगूनच टाकते. माझा चौथा पाय वर काचेच्या कपाटात आहे, आणि मी त्याच्यावर जळते.

मला एका सुताराने घडवले. चार पाय लेथवर गोल करून त्याने नुकतेच पॉलिश केले होते. तेवढ्यात त्याची बहीण धापा टाकत आली. ती रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका होती. सगळे तिला बाई म्हणत. मुलांच्या वॉर्डात खाटा कमी पडत होत्या. त्यासाठी मदत गोळा करत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लहान लहान गावांतून दौड निघणार होती. एका गावाने धावत जाऊन पुढच्या गावाच्या हाती बॅटन द्यायचा. सकाळी दौड, आणि बॅटनचाच पत्ता नव्हता!

"दादा, काहीही दे, हातात मावेल असं."

सुताराने माझा एक पाय कापून तिला दिला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "हिला तीन पुरेत."

मीही दौडीबरोबर टेम्पोतून निघाले. बाईंचे गुडघे वाकत नसत आणि धावणाऱ्याच्या बुटाची नाडी स्वतः बांधल्याशिवाय त्या कोणालाही सोडत नसत. म्हणून प्रत्येकाने माझ्यावर पाय ठेवायचा आणि बाईंनी दुहेरी गाठ मारायची. धावून आलेल्यांनी माझ्यावरच बसायचे. न्हावी, शिक्षिका, पोस्टमन, सगळ्यांचे बूट मला पाठ झाले.

कौतुक मात्र त्या दांडक्याचे! लोक त्याच्याबरोबर फोटो काढत, कोणी त्याचा मुकाही घेई. एका गावाने त्याला मखमली उशीवर ठेवले. मला पाण्याच्या पिंपामागे कोंबत. माझाच पाय आणि मिरवतो कसा, म्हणून माझा नुसता तिळपापड होई.

"बाई, ही खुळखुळायला लागलीय. पुढच्या गावात टाकून देऊ," एकदा ड्रायव्हर म्हणाला.

"असू दे रे. माझे गुडघे तरी कुठे धड आहेत?"

माझा डावा पाय ढिला झाला की मी कुरकुरत असे आणि बाई तो तळहाताने आत ठोकत. पण एका गावात दांडक्याला लाल रेशमी फीत बांधली गेली आणि मी मनातल्या मनात म्हटले, पडू दे याला एकदा. पाय निसटतोय हे कळत असूनही मी गप्प राहिले.

त्या दिवशी बेकरीत काम करणारी मुलगी धावणार होती. तिचा धाकटा भाऊ त्याच वॉर्डात जमिनीवरच्या गादीवर होता. बाई नाडी बांधत असताना मी कलले, तिचा बूट घसरला आणि दुसरी गाठ राहून गेली. टाळ्या सुरू झाल्या होत्या. ती निघाली. वळणावर स्वतःच्याच नाडीवर पाय पडून ती आपटली. दांडका उडाला आणि टोकाला चिरला.

तिला उचलून माझ्यावर बसवले. "बाई, मी फोडला! आता माझ्या भावाची खाट…"

"खड्ड्यात गेला तो दांडका. आधी गुडघा दाखव."

हे शब्द ऐकायला मी गावोगाव आसुसले होते. आता ते कानी पडले, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोर रडत होती आणि मी अडीच पायांवर तिला कशीबशी पेलत होते. मी जोरात कुरकुरले. बाईंनी खाली पाहिले.

"अगं बाई, हिचा पाय निसटलाय. माझंच चुकलं, मी बघायला हवं होतं."

चूक माझी होती आणि ती त्यांनी आपल्या अंगावर घेतली. एकाच गुंडाळीतली पट्टी त्यांनी तिच्या गुडघ्याला, माझ्या पायाला आणि दांडक्याच्या टोकाला बांधली. मुलीने पुन्हा माझ्यावर बूट ठेवला. दुहेरी गाठ बसली. ती लंगडत लंगडत पुढच्या गावाला पोचली.

आता वॉर्डात एकही गादी जमिनीवर नाही. दांडका उंच कपाटात आहे आणि मी खाली. मी अजूनही जळते, खोटे कशाला बोलू? त्याला बघायला मुले रोज माझ्यावरच चढतात.

मित्रांनो, तुम्हीही या. पण चढण्याआधी माझा पट्टीचा पाय तळहाताने एकदा ठोकून घ्या. मी कुरकुरले तर थांबा. आता मी गप्प राहत नाही.