आवडतीचं मीठ

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रेशनच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की येतो, रिक्षावाल्याने जवळचं भाडं नाकारलं की येतो, आणि आमटी कोमट वाढली तर हमखास येतो. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो. तिथे माल उशिरा आणणाऱ्यांवर ओरडणं हा कामाचाच भाग धरत, त्यामुळे हा माझा दोष आहे असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत डोकं दुखायला लागलं. आमचे डॉक्टर कारखानीस मुलुंड पूर्वेला बसत. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पारा चढवला. पारा खाली आला तरी त्यांच्या भुवया वरच राहिल्या.

"श्यामसुंदरराव, प्रेशर आहे. एवढ्यात गोळी सुरू करत नाही. तीन महिने बघू. मीठ बंद, पापड-लोणचं बंद, तळलेलं बंद. सकाळी तासभर चालायचं, पोट उतरवायचं. आणि रागावणं कमी करा."

"कमी म्हणजे किती?" मी रागानेच विचारलं.

घरी येऊन उत्तराला हे सांगितलं तर ती हातातली परात तशीच घेऊन खाली बसली. माझ्या बायकोला मी चोवीस वर्षांत असं बसलेलं एकदाच पाहिलं होतं, तिच्या वडिलांच्या आजारपणाची तार आली तेव्हा. सासरे पेणला असत. त्यांनाही प्रेशरच होतं आणि मीठ वर्ज्य होतं. पण बाबांना आवडतं म्हणून उत्तरा दर मे महिन्यात लोणच्याची बरणी आणि पापडांचा डबा पाठवायची. मग एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं, वाचा गेली. पुढे नऊ महिने ते खाटेवर पडून होते आणि डोळ्यांनी पाणी मागत होते. उत्तराने त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर तिने घरात लोणचं घालणं सोडलं. का सोडलं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उगाच खपली कोण काढणार?

दुसऱ्याच दिवशी तिने मिठाची बरणी शेजारच्या नंदकिशोरच्या घरी नेऊन दिली. मीठ हातावर दिलं की भांडण होतं, म्हणून बरणी त्यांच्या ओट्यावर ठेवून आली. भांडण व्हायचं ते आमच्याच घरात होणार होतं, हे तिला तरी काय माहीत!

येताना वाण्याकडून तिने शेंदेलोणाचे गुलाबी खडे आणले. उपासाला आमच्याकडे मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. म्हणजेच ते मीठ नव्हे. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि मला माझ्या आईने. त्यात डॉक्टरांना विचारण्यासारखं आम्हा दोघांना काही वाटलं नाही. ती खडे कुटून, वस्त्रगाळ करून ठेवायची आणि आमटीत, भाजीत घालायची. साध्या मिठाएवढा खारटपणा लागत नाही म्हणून चिमूट जरा सढळच असायची. मीठ सोडूनही जेवण इतकं चवदार लागतं याचं मला कौतुक वाटे. ऑफिसात मी चारचौघांना सांगितलंसुद्धा.

बाकीचं पथ्यही मी चोख पाळलं. पहाटे नंदकिशोरला घेऊन मिठागर रोडने चालायला जायचो. रस्ता संपला की मिठागरं लागत, आणि त्या दिवसांत तिथे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग रचलेले असत. "मीठ सोडलंस आणि फिरायला मिठागरात? तुझी जिरवायलाच डॉक्टरने हा रस्ता सांगितला बघ," नंदकिशोर म्हणायचा. मी हसायचो. पोट उतरलं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. ऑफिसात ओरडायच्या जागी मनातल्या मनात आकडे मोजू लागलो, तर लोक जास्तच घाबरले. मुलुंड स्टेशनबाहेरच्या गाडीवर रोज संध्याकाळी दोन वडे खायची माझी वर्षानुवर्षांची सवय, तीही सोडली. वास नाकात जाऊ नये म्हणून समोरच्या बाजूने यायचो.

दीड महिन्याने डॉक्टरांकडे गेलो ते मेडल मिळणार अशा थाटात. पारा आधीपेक्षा वर गेला होता.

"बाहेर काही खाता का?"

"नाही."

"खरंच?"

"डॉक्टर, मी खोटं बोलत नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की बाहेर बाकावर बसलेलं कुणाचं तरी मूल रडायला लागलं.

घरी उत्तराने ऐकलं. मग अगदी हळू म्हणाली, "वडे खाता ना अजून?"

"अगं, नाही खात!"

"मग चढलं कसं? घरात मिठाचा कण नाही. खरं सांगा, मी रागावणार नाही."

तिथून आमच्या घरात जे सुरू झालं ते वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये. मी दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "काही खाल्लं नाही ना?" डबा रिकामा आणला तर, एवढं सगळं संपलं कसं? उरला तर, बाहेर पोट भरलं म्हणून उरला. नाशिकला सासरी असलेल्या शुभाला तिने पत्र लिहिलं, आणि माझ्या पोटच्या मुलीने मला उलट टपाली लिहिलं, 'बाबा, आईसाठी तरी सोडा ना!' मी चोरी केली असती तर निदान वड्यांची चव तरी पदरात पडली असती.

एका दुपारी तिने नंदकिशोरच्या घरून माझ्या ऑफिसात फोन केला आणि आमच्या टायपिस्ट प्रेमाला विचारलं, "साहेब मधल्या सुट्टीत काय खातात हो?" प्रेमा बिचारी भली. तिने मला कौतुकाने सांगितलं, "सर, वहिनींना तुमची किती काळजी!" माझ्या कानांतून वाफा निघाल्या.

त्या संध्याकाळी मी ताट भिरकावलं. चोवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आमटी भिंतीवर उडाली.

"ऑफिसात माझी अब्रू काढतेस? तुझ्या बापाला वाचवता आलं नाही म्हणून माझ्या मानेवर बसलीस?"

शब्द बाहेर पडला आणि मलाच कळलं की हे बोलायला नको होतं. उत्तरा उठली. फडकं आणून भिंत पुसायला लागली. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओरडू नका. चढेल."

त्यानंतर घरात गरजेपुरतंच बोलणं उरलं. कपाळाच्या शिरा ठणकायच्या. रोज चालत होतो, रोज तिने वाढलेलं निमूट गिळत होतो, आणि रोज आपल्याच घरात आरोपी म्हणून वावरत होतो. निवाड्याच्या दिवशी तिला काय काय ऐकवायचं त्याची वाक्यं मी चालता चालता पाठ करायचो. पारा उतरला की डॉक्टरांसमोरच म्हणणार होतो, "विचारा हिला, आता कोण खोटं?" पण पारा उतरेल तर ना!

एप्रिलच्या सुरुवातीला, मिठागराच्या बांधाजवळ, चप्पल नीट करायला वाकलो आणि डाव्या हाताची बोटं बधिर झाली. चप्पल धरवेना. नंदकिशोरने मला धरून बांधावर बसवलं. थोड्या वेळाने बोटांत मुंग्या आल्या आणि हात पुन्हा हलायला लागला. पण तेवढ्या वेळात मला समोरच्या ढिगांच्या जागी सासऱ्यांची खाट दिसली. मी घाबरलो. एवढा कधीच घाबरलो नव्हतो.

"घरी सांगू नकोस," मी म्हणालो.

"वेडा आहेस का तू?" नंदकिशोर म्हणाला आणि त्याने मला दारात पोचवताच सगळं सांगितलं.

उत्तराने कामाचं पातळसुद्धा बदललं नाही. तशीच पायांत चपला सरकवून मला डॉक्टरांकडे घेऊन निघाली. वाटेत तिने माझा डावा हात धरला होता. भर रस्त्यात हात धरणारी बाई नव्हे ती. चौकात थांबलो तेव्हा म्हणाली, "आज डॉक्टरांना सगळं सांगा. वडे, भजी, जे असेल ते. मला काही म्हणायचं नाही. फक्त तुम्ही पडू नका."

डॉक्टरांनी दोन्ही हातांना पट्टा बांधून पाहिला. बोटं दाबायला लावली, जीभ काढायला लावली. मग पट्टा काढून ठेवला.

"गोळी आजपासून. आणि उद्याच्या उद्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचं, चिठ्ठी देतो. हा इशारा समजा. पण मला एक कळत नाही. वजन उतरलंय, चालणं आहे, मग हे असं का? वहिनी, मीठ नक्की बंद आहे ना?"

"देवाशप्पथ," उत्तरा म्हणाली. "तीन महिने घरात मीठ आणलेलं नाही. सगळ्यात शेंदेलोण घालते."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"शेंदेलोण? कशाकशात?"

"सगळ्यात. उपासाला चालतं ते."

"अहो वहिनी, ते उपासाला चालत असेल. प्रेशरला नाही. तेही मीठच. खाणीतून काढलं काय आणि मिठागरातून काढलं काय, मीठ ते मीठ!"

मी उत्तराकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि डोळे डॉक्टरांवर नव्हते, माझ्यावरही नव्हते. ते पेणला गेले होते.

माझा निवाड्याचा दिवस आला होता. पाठ केलेली सगळी वाक्यं ओठांवर हजर होती. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, माझ्या घरी आवडतीचं अळणी खारट निघालं होतं. दीड महिना मला चोर ठरवणारी बाई समोर बसली होती, आणि मी सुटलो होतो, निर्दोष. मी तोंड उघडलं.

"डॉक्टर, शेंदेलोणाचं सोडा," मी म्हणालो. "मीच बाहेर खात होतो. स्टेशनजवळ. रोज दोन वडे, कधी भजी. हिला फसवत होतो."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. तर मग तेही बंद आणि हेही बंद." आणि चिठ्ठी पुढे सरकवली.

घरात आल्यावर उत्तराने फळीवरचा शेंदेलोणाचा डबा काढला, मोरीत उपडा केला आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

"डॉक्टरांपुढे खोटं का बोललात?" तिने माझ्याकडे पाठ करूनच विचारलं.

"खोटं कसलं? खात होतो मी."

"तुमच्या शर्टाचा मी रोज वास घेते. तुम्ही हातपाय धुवायला गेलात की खुंटीवरचा शर्ट काढून घेते. तीन महिन्यांत एकदाही तेलाचा वास आला नाही."

"म्हणजे मी खात नाही हे तुला ठाऊक होतं? मग मला चोर का ठरवलंस? शुभाला पत्र, ऑफिसात फोन!"

ती वळली. "तुम्ही चोरून खात असतात तर बरं झालं असतं हो! तुम्हाला धरलं असतं, भांडले असते, सोडायला लावलं असतं. तुम्ही खात नाही आणि तरी चढतंय म्हटल्यावर माझ्या हातात काय उरत होतं? रोज वाटायचं, आज तरी वास येऊ दे." तिचा आवाज फाटला. "आणि निघालं काय, तर माझाच हात. बाबांनाही मीच खाऊ घातलं आणि तुम्हालाही मीच."

"गप्प बस!" मी ओरडलो. मला दुसरं काही येत नाही. "तुझा एकटीचा नाही! मला शिकवलं नव्हतं माझ्या आईने? मी नाही मिटक्या मारत खाल्लं? सगळ्या ऑफिसात सांगत सुटलो मी!"

"ओरडू नका," ती रडता रडता म्हणाली. "चढेल."

आणि ताट फेकताना तिच्या बापाविषयी जे बोललो होतो त्याची मी माफी मागितली. मला माफी मागता येत नाही. वाईट मागितली, पण मागितली.

मग तिने तोंड धुतलं, भात टाकला, वरण केलं, दुधीची भाजी केली. कशात काही घातलं नाही. ताट वाढून, गोळी माझ्या तळहातावर ठेवून समोर बसली. माझ्या डाव्या हाताची करंगळी अजून जड होती. उद्या हॉस्पिटलात काय सांगतील ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी पहिला घास घेतला. तीन महिने पथ्य केलं म्हणून मी मिरवलो होतो. पथ्य म्हणजे काय ते त्या घासाला कळलं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"भिकार," मी म्हणालो.

"आता खरं बोललात," ती म्हणाली, आणि स्वतःच्या पानातही तेच वाढून घेतलं.