न्हाणीची चूल

कंग्राळीच्या मष्णू मास्तरांनी उभी हयात पोरांना पर्यावरण शिकवलं, झाडं जगवा म्हणत गावभर प्रभातफेऱ्या काढल्या, आणि स्वतःच्या आंघोळीला मात्र रोज भाराभर लाकूड जाळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. पण ठाऊक झालं म्हणून माणूस सुधारला, असं कुठं असतं होय?

न्हाणीला लागून चूल, चुलीवर तांब्याचा हंडा. पहाटे उठून बायकोनं, जयाबाईनं, ती पेटवायची, फुकणीनं फुंकायची, आणि पाणी कढत झालं की मास्तरांनी उठायचं. लग्नापासूनचा रिवाज. लेकानं, समर्थनं, माडीवर सोलर बसवून दिला, वर नवी न्हाणी बांधली. मास्तरांनी बादलीत बोट बुडवून नाक मुरडलं.

"हे पाणी नुसतं गरम हाय रं. तापल्यालं न्हाय."

"म्हंजे काय, आप्पा?"

"तुला न्हाय कळायचं."

मास्तरांनाही कळत नव्हतं, पण बोलून गेले आणि त्याला चिकटून बसले. चुलीच्या पाण्यानं सांधे सैल होतात, उन्हाच्या पाण्यानं केस गळतात, असलं काय काय ते शेजारच्या अक्काताईपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. डोक्यावर केस किती उरलेत, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

मग जयाबाईचा खोकला वाढला. बेळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून स्पष्ट सांगितलं, "धूर बंद. नाहीतर एखाद्या दिवशी श्वास अडकला तर इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही."

परतीच्या बसमध्ये मास्तर लई घाबरले होते. तिथंच म्हणायचं होतं, 'उद्यापास्नं सोलर.' पण तोंडातून निघालं काय?

"उद्यापास्नं चूल मी पेटवतो. तू तिकडं फिरकायचंच न्हाय."

वा रे बहाद्दर! बायकोसाठी केवढा हा त्याग!

पहिले काही दिवस चुलीनं मास्तरांचा जीव काढला. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, हंड्यातलं पाणी मात्र कोमट. शेवटी एका पहाटे कुडकुडत ते गुपचूप माडीवर गेले आणि सोलरचा नळ सोडला. आई गं! चटकाच बसला. असलं झकास पाणी चुलीनं उभ्या जन्मात दिलं नव्हतं. मास्तर बादलीवर बादली ओतत राहिले.

खाली येताना मात्र पाय जड झाले. आता सांगायचं कसं? समर्थ हसेल. अक्काताई गावभर करेल. मग त्यांनी शक्कल काढली. पहाटे चूल पेटवायची, हंडा चढवायचा, धूर निघू द्यायचा, आणि आपण हळूच वर जाऊन न्हायचं. हंड्यातलं पाणी नंतर परसातल्या केळीला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर पिळापायी रोज लाकूड जळत होतं.

जयाबाई सोप्यात पडून होती. तिला दिसायचा तो नवऱ्यानं सकाळी चोळून लाल केलेला डोळा. तिचा जीव तुटायचा.

त्या दिवशी मास्तर पंचा गुंडाळून, गुणगुणत जिना उतरले, आणि न्हाणीशी येऊन थिजले. जयाबाई चुलीपुढं भिंतीला टेकून बसली होती. हातात फुकणी, तोंड उघडं, श्वास आत जात नव्हता. ओलं लाकूड भसाभसा धुमसत होतं. तिनं मास्तरांच्या निथळत्या अंगाकडं बघितलं आणि डोळे मिटले.

"समर्था! गाडी काढ रं!" मास्तर ओरडले.

दवाखान्यात तोंडाला वाफेचा मास्क लावला. दुपारपर्यंत तिचा श्वास ताळ्यावर आला. मास्तर खाटेशेजारी बसून होते. मास्क निघाल्यावर ती हळू म्हणाली,

"हंडा तर गारच हुता. मग न्हालासा कुठं?"

"वर. सोलरच्या पाण्यानं."

"कवापास्नं?"

"झालं लई दिवस."

"मग चूल कशाला पेटवत हुतासा?"

मास्तरांनी पोरांना भलेभले प्रश्न घातले होते, असल्या प्रश्नाला उभं राहायची वेळ कधी आली नव्हती.

"लोकांनी हसू नये म्हणून," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

"मला वाटलं, तुमचं पाणी तापंना झालंय," जयाबाई म्हणाली. "म्हणून फुकायला गेलते." थोडा दम घेऊन तिनं विचारलं, "आंघूळ तरी बरी हुती का, वरची?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती.

"लई बरी," मास्तर म्हणाले.

जयाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.